चुकांचा वेग

निघण्याआधी एक अट मान्य करा. या प्रवासात कॅमेरा मिळणार नाही, नकाशा मिळणार नाही. मिळेल ते एक वाढीव इंद्रिय. कुठल्याही सजीवाची पेशी आपल्या डीएनएची नक्कल काढताना एखादे अक्षर चुकली आणि ती चूक दुरुस्त न होता पुढे गेली, की तुमच्या कानात ‘टक्’ वाजेल. डीएनएची अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. त्यांतले एखादे बदलणे, गळणे किंवा जादा घुसणे म्हणजे उत्परिवर्तन. कुठे ही टकटक दाट असेल, कुठे वर्षानुवर्षे एकही ऐकू येणार नाही. हा फरक का, ते शोधत आपण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मातीवरून काळ ओलांडत येणार आहोत. सुरुवात तळापासून.

गडचांदूर, शंभर कोटी वर्षांपूर्वी

तुम्ही समुद्रावर तरंगता आहात. पुढे ज्या जागी सिमेंटचे कारखाने उभे राहणार आणि सुरुंगांनी चुनखडक फुटणार, तिथे या क्षणी फक्त पाणी आहे. तळाशी बसणारा बारीक गाळ पैनगंगा गटातला ‘चांदा चुनखडक’ होईल आणि मग कुणाच्या तरी घराचा स्लॅब. दूरवर जमीन दिसते ती उघड्या खडकाची. झाड सोडा, गवताचे पातेही अजून पृथ्वीवर आलेले नाही. श्वास जपून घ्या. हवेत ऑक्सिजन इतका कमी आहे की थोड्याच वेळात भोवळ येईल.

ओंजळीत पाणी घ्या आणि ऐका. लाखो सूक्ष्मजीव, त्यामुळे टकटक सतत चालू. आता त्यांतला एकच जीव निवडा आणि त्याच्याच वंशावर कान ठेवा. तो दुभंगतो, त्याची लेक दुभंगते, तिची लेक दुभंगते. शंभर वेळा नक्कल झाली, आवाज नाही. दोनशे वेळा झाली, तरी नाही. तीनशेच्या आसपास एक टक्.

हा आकडा जॉन ड्रेक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडला. जीवाणूंना खाणारे विषाणू, जीवाणू, यीस्ट, बुरशी यांच्या जीनोमची लांबी एकमेकांहून हजारो पटींनी वेगळी. तरी एका पूर्ण नकलेमागे चूक सगळ्यांत जवळपास सारखीच निघाली, ०.००३ च्या घरात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याचा मजकूर लांब, तो अक्षरागणिक जास्त काळजी घेतो. चुकांचा दर आपोआप पडलेला नाही, तो कशाने तरी बांधून दिलेला आहे.

पेशीच्या आत डोकावलात तर बांधणारी यंत्रणा दिसेल. नक्कल करणारे विकर, पॉलिमरेज, समोरच्या अक्षराला जोडीदार शोधून बसवते. जोडी जुळली नाही तर एक पाऊल मागे येते, चुकीचे अक्षर कापते आणि पुन्हा बसवते. त्यातूनही निसटलेल्या चुका शोधणारी प्रथिनांची दुसरी टोळी मागून येते. ही सगळी प्रथिने डीएनएतच लिहिलेली आहेत. म्हणजे दुरुस्तीच्या जनुकातच चूक झाली की त्यापुढच्या सगळ्या चुकांचा वेग बदलतो आणि तो बदललेला वेग पुढच्या पिढीला वारशाने मिळतो. नाकाची ठेवण किंवा शेपटीची लांबी जशी उत्क्रांत होते, तसाच चुकण्याचा वेगही उत्क्रांत होतो. हे डोळ्यांदेखत घडलेले आहे. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जीवाणूंच्या बारा वसाहती वाढवायला घेतल्या. पुढच्या हजारो पिढ्यांत त्यांतल्या सहांमध्ये दुरुस्ती बिघडलेले, भरमसाट चुकणारे वंश माजले. नव्या परिस्थितीत लवकर उपयोगी बदल सापडल्याने ते पुढे गेले. एका वसाहतीत तर काही काळाने हा दर पुन्हा खाली आला, कारण चुकांचे ओझे फायद्याहून जड व्हायला लागले.

मग दर शून्यावर का येत नाही? अचूकतेला वेळ आणि ऊर्जा लागते, हे एक कारण. दुसरे कारण मायकेल लिंच यांनी मांडले. दुरुस्ती जितकी चांगली होत जाते, तितका पुढच्या सुधारणेचा फायदा बारीक होत जातो. एका टप्प्यावर तो इतका बारीक होतो की कोण जगले आणि कोण मेले यातला निव्वळ योगायोग त्याच्यावर मात करतो. निवडीला तो दिसेनासा होतो. अफाट संख्येच्या जातीत योगायोगाचा जोर कमी, त्यामुळे निवड बारीक फायदाही टिपते आणि दर खाली ढकलत राहते. पॅरामिशियम हा डबक्यातला एकपेशीय जीव विभाजनाच्या वेळी सुमारे पाच हजार कोटी अक्षरांमागे एक चूक करतो. मोजक्या संख्येने जगणाऱ्या जातीत ही सीमा बरीच वर राहते. लहान लोकसंख्येला ढिसाळपणा परवडतो असे नव्हे, तिला तो हटवता येत नाही. हे वाक्य खिशात ठेवा, शेवटच्या थांब्यावर लागेल.

पुढे सरकताना घुग्घुस आणि बल्लारपूरच्या जागी ग्लॉसोप्टेरिस झाडांच्या दलदली लागतील. त्यांचा कोळसा व्हायचा आहे, त्यांना तसेच सोडा.

सिरोंचा, अठरा कोटी वर्षांपूर्वी

पायाखाली ओली माती. रुंद नदीचे पूरमैदान, मधे उथळ तळी, काठाने सूचिपर्णी झाडांची उंच रांग. यांतली काही खोडे दगड होऊन वडधमच्या जीवाश्म उद्यानात पडून राहतील. जमीन हादरते. चौदा मीटर लांबीचा, खांबासारख्या पायांचा बारापासॉरस पाण्याकडे निघाला आहे. त्याची हाडे १९५८ नंतर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संशोधक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून उकरून काढतील आणि त्याला रवींद्रनाथांवरून ‘टागोराय’ असे जातिनाम देतील. डीएनए इतका काळ टिकत नाही, म्हणून त्याच्या चुकांचा दर कुठल्याच प्रयोगशाळेत मोजता येणार नाही. तुम्ही ऐकून घ्या.

मात्र या थांब्यावर पाहायचे आहे ते त्याच्या पायांजवळ. पाल्यातून चिचुंद्रीएवढे काहीतरी सरपटले. केस आहेत, मिशा आहेत. हा सस्तन प्राणी. त्याचे नाव एका उरलेल्या दातावरून लिहिले जाईल, कोटाथेरियम हाल्डेनाय, १९८१ मध्ये. कोटा हे प्राणहितेकाठचे गाव, ज्यावरून इथल्या खडकांना नाव मिळाले. हाल्डेन म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, इंग्लंड सोडून १९५७ मध्ये त्याच इन्स्टिट्यूटमध्ये आलेले, पुढे भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले जीवशास्त्रज्ञ. माणसातला उत्परिवर्तनाचा दर सर्वांत आधी मोजणाऱ्यांतले ते. डीएनएची रचना कळायच्या अठरा वर्षे आधी, १९३५ मध्ये, हिमोफिलियाच्या रुग्णांच्या संख्येवरून त्यांनी हिशेब केला: या रोगाचे जनुक दर पिढीला साधारण पन्नास हजारांत एकदा नव्याने बिघडत असावे. १९४७ मध्ये त्यांनी आणखी एक तर्क मांडला. नव्या चुका आईपेक्षा बापाकडून जास्त येतात.

तर्क खरा ठरला. मादीची अंडपेशी तिच्या जन्माआधीच तयार होऊन थांबते. नराच्या शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर विभाजत राहतात आणि इजाही साठवत राहतात. आइसलंडमधल्या कुटुंबांचे डीएनए वाचून २०१७ मध्ये आकडे मिळाले. बापाच्या वयातल्या प्रत्येक जादा वर्षामागे मुलात सुमारे दीड नवी चूक, आईच्या वयात पावणेतीन वर्षांमागे एक. प्रत्येक माणूस जन्मताना साठ-सत्तर अशा चुका घेऊन येतो, ज्या त्याच्या आईबापांपैकी कुणातच नव्हत्या. तुमच्यातही आहेत. बहुतेक निरुपद्रवी.

२०२३ मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांच्या ६८ जातींमध्ये आई, बाप आणि पिल्लू असे गट घेऊन हाच हिशेब झाला. दर पिढीचा वेग जातीजातींत चाळीस पटींनी वेगळा निघाला. नराकडून जास्त चुका हा प्रकार सस्तनांत आणि पक्ष्यांत दिसला, मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत नाही. ज्या जाती उशिरा वयात येतात त्यांच्या एका पिढीत चुका जास्त साठतात. आणि दीर्घकाळ मोठ्या संख्येने नांदलेल्या जातींत दर कमी आढळला, लिंच यांच्या म्हणण्याप्रमाणेच.

चंद्रपूर, पंधरावे शतक

झरपट नदीचा काठ. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह घोड्यावरून आला आहे. अंगभर फोड, कुठल्याच औषधाला दाद न देणारे. कथा सांगते की नदीच्या पात्रातल्या कुंडाचे पाणी लागले आणि रोग हटला. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले, भोवती परकोट आला आणि चांदा शहर वसले. कथेत रोगाला त्वचारोग एवढेच म्हटले आहे, म्हणून त्यावर आपले निदान लादायला नको.

राजाला सोडा आणि काठावर लांब बसवलेल्या माणसाकडे या. बोटे झडलेली, भुवया गेलेल्या. त्याच्या अंगातला जीवाणू कुष्ठरोगाचाच आहे. त्याच्यावर कान ठेवून एका जागी थांबा. पाऊस येतो, जातो. टक् नाही. राजा वारतो, त्याचा नातू गादीवर येतो. इतक्या काळात एक टक्, फार तर दोन. जीवाणू एका देहातून दुसऱ्यात जातो, भोसले येतात, इंग्रज येतात. तुम्ही पंधराव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत त्या एका वंशामागे चालत राहता आणि शेवटी मोजता: सगळे मिळून डझनभर.

वरोरा, १९५१

जून महिना, खडकाळ माळ, विंचू आणि साप. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीचे काम या जागेवर सुरू झाले आहे. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशातले चौदा रुपये, ही आनंदवनाची सुरुवात महाराष्ट्राला पाठ आहे. उद्घाटनाला विनोबा आले आहेत. विहीर खणण्यासाठी बोटे नसलेले हात पहारीला भिडलेले आहेत. त्यांच्या शेजारी पहार मारणारा गृहस्थ म्हणजे मुरलीधर देविदास आमटे. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकताना त्यांनी स्वतःच्या अंगात कुष्ठरोगाचे जीवाणू टोचून घेतले होते. हा जीवाणू प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यावर वाढत नाही, म्हणून मानवी देहावर प्रयोग करायचा विचार होता. आमट्यांच्या अंगात तो रुजला नाही.

तो इतका हट्टी का, ते २००१ मध्ये कळले. तमिळनाडूतल्या रुग्णाकडून मिळालेल्या जीवाणूचा पूर्ण जीनोम तेव्हा वाचला गेला. लांबी सुमारे ३२ लाख ७० हजार अक्षरे. चालू जनुके १६०० च्या घरात, आणि अकराशेहून जास्त जनुके मोडून पडलेली. त्याच्या क्षयरोगी भावंडाकडे जवळपास चार हजार चालू जनुके आहेत. माणसाच्या पेशीत बसून आयते मिळायला लागल्यावर जी जनुके लागेनाशी झाली, त्यांतल्या चुका निवडीने उपसून काढल्या नाहीत. त्या साठल्या. आता त्याला बाहेर जगता येत नाही.

पण टकटक तर इतकी विरळ! एका अक्षरामागे वर्षाला साधारण शंभर कोटींत सात-आठ इतका दर, म्हणजे सबंध जीनोमात चाळीसेक वर्षांतून एक बदल. मग हा जीवाणू फार अचूक आहे का? त्याच्या शेजारी बसून त्याचे दुभंगणे मोजा. ई. कोलाय चांगल्या खाद्यावर वीस मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठरोगाच्या जीवाणूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. वर्षाच्या चुकांना वर्षातल्या नकलांनी भागा. एका नकलेमागची चूक ई. कोलायच्या जवळपास तितकीच निघते. चूक तेवढीच, नकलाच कमी. उत्परिवर्तनाचा दर सांगताना ‘दर नकलेला’, ‘दर पिढीला’ की ‘दर वर्षाला’ हे आधी विचारावे लागते, ते यासाठी.

विरळ टकटकीने औषधवाल्यांना मात्र निर्धास्त केले नाही. डॅप्सोनची गोळी भारतात नवी असताना तिने चमत्कार केले. पण गंभीर रुग्णाच्या अंगात अब्जावधी जीवाणू असतात. इतक्या गर्दीत एखाद्याच्या योग्य अक्षरावर चूक आधीच झालेली असते आणि गोळी बाकीच्यांना मारून त्याला मोकळे रान देते. डॅप्सोनला न जुमानणारा जीवाणू १९६४ मध्ये सिद्ध झाला. यावरचा तोडगा गुणाकाराचा होता. एका औषधातून निसटणारा जीवाणू कोटीत एक असेल, तर दोन वेगळ्या औषधांतून एकाच वेळी निसटणारा शंभर लाख कोटींत एक. एवढे जीवाणू सहसा एका देहात नसतातच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुऔषधोपचार सुचवला. आनंदवनातून बरे होऊन बाहेर पडलेल्या अनेकांना या गुणाकाराने वाचवले आहे.

तरीही जीवाणू शेवटची चाल खेळतोच. जगभरातल्या दीडशेहून जास्त नमुन्यांचे जीनोम २०१८ मध्ये वाचले गेले, तेव्हा काही वंशांत चुका अवाजवी जास्त दिसल्या. त्यांच्यात डीएनएतली इजा काढणारे एक दुरुस्तीचे जनुक मोडलेले होते आणि त्यांतले बरेच औषधांना दाद न देणारे होते. औषधाच्या माऱ्यात जास्त चुकणाऱ्याला संधी मिळते. लेन्स्कींच्या काचेच्या बाटलीत जे घडले, तेच माणसाच्या कातडीत घडले.

हेमलकसा, १९७३

डिसेंबर. आलापल्लीचे साग मागे पडून बराच वेळ झाला. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात, त्याच्या अलीकडे झाडाखाली एक झोपडी आहे. लोकबिरादरी प्रकल्प नुकताच सुरू झाला आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया बोली शिकत आहेत आणि रुग्ण यायची वाट पाहत आहेत. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. आज चार जणांनी खाट खांद्यावर घालून एक पोर आणले आहे. ताप मेंदूत चढला आहे. फाल्सिपेरम मलेरिया.

इथे कान झाकून घ्यावेसे वाटतील. पोराच्या रक्तात टकटकीचा वळीव कोसळतो आहे. परजीवीचा जीनोम सव्वादोन कोटी अक्षरांचा, त्याची पिढी दोन दिवसांची, आणि भरात आलेल्या दुखण्यात संख्या दहा हजार कोटींवर. एका अक्षरामागची चूक अतिशय विरळ, शंभर कोटींत एक किंवा त्याहूनही कमी. पण संख्याच अशी आहे की या एका लहान देहात, कुठल्या ना कुठल्या परजीवीत, जवळपास प्रत्येक अक्षर बदललेले आहे. पायरिमेथामिन या औषधाला चुकवायची सुरुवात एका अक्षराच्या बदलाने होते, म्हणून त्याचा प्रतिकार पटकन उभा राहिला. क्लोरोक्विनला चुकवायला एकाच जनुकात अनेक बदल एकत्र लागतात. म्हणून तो प्रतिकार जगात मोजक्याच ठिकाणी जन्मला, आग्नेय आशियात १९५० च्या दशकाअखेरीस, आणि तिथून पसरत गेला. भारतातली त्याची पहिली नोंद आसाममधली, याच १९७३ सालची.

आता त्याच झोपडीत दुसरीकडे ऐका. पोराच्या आईच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक प्रत बदललेली आहे: सहाव्या अमिनो आम्लाच्या जागी जीएजीऐवजी जीटीजी. एका अक्षराची चूक. एक प्रत अशी असेल तर मलेरियापासून बरेच संरक्षण, दोन्ही असतील तर सिकलसेलचा आजार, हातापायांच्या असह्य वेदना आणि लवकर मृत्यू. मलेरिया आणि रक्तातले दोष यांचे असे नाते असावे, हे १९४९ मध्ये सुचवणारे पुन्हा आपले हाल्डेनच. त्यांनी थॅलेसेमियाबद्दल म्हटले होते, सिकलसेलबद्दल अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत ते दाखवून दिले. मध्य भारतात सिकलसेल असल्याचे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. गडचिरोलीतल्या घराघरांत तो किती खोल मुरला आहे, ते डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पुढे १९८० च्या दशकात दाखवले.

या आईच्या रक्तातली टक् तुम्हाला आज ऐकू येणार नाही. ती पूर्वजांत कधीच वाजून गेली. मलेरियाने तिला जपले, पिढ्यांमागून पिढ्या. तिकडे परजीवीची टक् या आठवड्यातली आहे. पंचवीस वर्षांची पिढी असलेला देह आणि दोन दिवसांची पिढी असलेला त्याचा शत्रू एकाच खाटेवर झुंजत आहेत. माणसाची बाजू डीएनएच्या भरवशावर ही शर्यत जिंकू शकत नाही. तिला क्विनाइन लागते, मच्छरदाणी लागते, खाट वाहणारे चार खांदे लागतात. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ रोजी देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचा भरही रक्ततपासणीवर आणि लग्नाआधीच्या समुपदेशनावर आहे. अक्षर बदलायची वाट कुणी पाहत बसलेले नाही.

ताडोबा, २०२४

शेवटचा थांबा अगदी अलीकडचा. मोहर्ली फाटकातून आत या. उजवीकडे मानवेलीचे बेट. मानवेल चाळीसेक वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून मरते. बाहेरच्या बांध्यांतला धान दरवर्षी एक पिढी उरकतो. दोघेही गवताच्या कुळातले, पण लाकडी बांबूंचा डीएनए वर्षागणिक इतर गवतांहून हळू बदलतो.

बेटाखाली रानउंदीर खुडबुडतो आहे, पलीकडे पाणवठ्यात वाघीण बसली आहे. आतापर्यंत पुढच्या पिढीला मिळणाऱ्या चुका ऐकल्या. आता जिवंतपणी देहाच्या पेशींत होणाऱ्या चुका ऐका. २०२२ मध्ये सोळा सस्तन जातींच्या आतड्यातल्या पेशी तपासल्या गेल्या. त्यांत वाघ होता, सिंह होता, जिराफ आणि माणूसही होता. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या एका पेशीत वर्षाला आठशेच्या आसपास चुका जमतात, माणसाच्या पेशीत सत्तेचाळीस. उंदीर चारेक वर्षे जगतो, माणूस ऐंशी. गुणून पाहा. आयुष्याच्या शेवटी दोघांच्या पेशीत तीन-चार हजारांच्या घरातच आकडा येतो. या सोळा जातींच्या आयुर्मानात तीसपट अंतर आहे, वजनात चाळीस हजारपट, तरी अखेरच्या ओझ्यात फरक तिपटीचाच. ज्याला जास्त जगायचे, त्याने दुरुस्ती तशी कसली आहे.

वाघिणीकडे वळा. मांजराचा मोजलेला दर तिला लावला, तर तिच्या प्रत्येक बछड्यात चाळीसेक नवी अक्षरे येतील. कमी नाहीत असे वाटेल. पण एका ठरावीक अक्षरावर बदल व्हायला एका वंशाला सरासरी दहा कोटी पिढ्या लागतात, आणि वाघाची पिढी पाचेक वर्षांची. शिकारींनी जे घालवले, ते या वेगाने भरून येणारे नाही. संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांचा डीएनए आणि आजच्या भारतीय वाघांचा डीएनए ताडून पाहिल्यावर कळले की जुन्या वाघांतले आईकडून येणाऱ्या डीएनएचे ९३ टक्के प्रकार आता सापडतच नाहीत.

खिशातले वाक्य आता काढा. छोट्या कळपात योगायोग निवडीवर मात करतो. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये तसेच झाले. तिथल्या वाघांचे पट्टे एकमेकांत मिसळून अंग काळे दिसते. बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये कारण शोधले: टॅक्पेप जनुकातला एका अक्षराचा बदल. इतरत्र रानात तो दिसत नाही, सिमिलिपालमध्ये मात्र ३७ टक्के वाघ असे. काळा रंग कामाचा असेल-नसेल, पण तो तिथे माजला त्यामागे मोठे कारण हे की वाघ थोडे, कोंडलेले आणि आपापसांत जुळणारे. ज्या वाटेने पट्टे मिसळले, त्याच वाटेने घातक चुकाही वर येऊ शकतात.

म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन तरुण वाघिणी ट्रकने सिमिलिपालला पाठवल्या गेल्या. झीनतला जागा पटली नाही. डिसेंबरात ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालच्या पुरुलिया-बांकुड्यापर्यंत चालत गेली आणि महिनाअखेरीस तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. सगळ्या वर्तमानपत्रांनी तिच्या भटकंतीच्या बातम्या केल्या. पण पाहायला हवे होते ते पिंजऱ्यातून गेलेले सामान: सिमिलिपालच्या वाघांना उत्परिवर्तनाने लक्षावधी वर्षांत मिळाली नसती इतकी वेगळी अक्षरे त्या दोघींनी एका प्रवासात नेली.

वाघाला हे काम ट्रकशिवायही येते. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये विदर्भ-तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. ब्रह्मपुरीकडचा एक वाघ २०२३ मध्ये ओडिशातल्या महेंद्रगिरीजवळ दिसला. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत, गडचिरोलीत ते परतून आले आहेत आणि त्यापुढे इंद्रावतीचे रान आहे. मधे आहेत बल्लारशा-गोंदिया रेल्वेमार्ग, ज्यावर वाघ मेले आहेत, गोसेखुर्दचे कालवे, खाणी, रुंद होणारे रस्ते, आणि वाघाच्या हल्ल्यात माणसे गमावलेली गावे. त्या गावांची बाजू ऐकल्याशिवाय कुठलीही वाट मोकळी राहणार नाही.

तुम्ही शंभर कोटी वर्षे चालून आला आहात, तेव्हा हिशेब तुमच्यासमोर आहे. जीवाणूला चुका परवडतात, कारण त्याच्याकडे संख्या आहे. परजीवीला त्या जिंकून देतात, कारण त्याच्याकडे संख्याही आहे आणि घाईही. वाघाकडे दोन्ही नाही. त्याच्या हाती पाय आहेत. रेल्वेखालच्या भुयाराला किंवा कालव्यावरच्या पुलाला काही कोटी रुपये लागतात आणि तो एका अर्थसंकल्पात होतो. तो न बांधता वाघाच्या डीएनएतली विविधता परत यावी अशी अपेक्षा असेल, तर दहा कोटी पिढ्या थांबायची तयारी ठेवा.